पेनिसिलिनचा रिकामा खण

कराड

चि. भाचीस,


तुला मुंबईच्या औषध कंपनीत, तेही किमती ठरवणाऱ्या विभागात नोकरी लागल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. 1984 साली मी दुकान थाटलं आणि पुढची अडतीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलो. पट्टीवर छापलेली किंमत वाचायची, गिऱ्हाइकाला सांगायची आणि त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते पाहायचं, एवढंच माझ्या हातात होतं. तो आकडा जिथे ठरतो त्या टेबलाशी आता आपल्या घरचं माणूस बसणार. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहे. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल, पण टाकून देऊ नकोस.

लहानपणी सुट्टीत दुकानात यायचीस तेव्हा डाव्या कपाटातला वरून तिसरा खण तुला उघडू द्यायचो नाही, आठवतं? तिथे इंजेक्शनं असायची. त्यात बेंझाथिन पेनिसिलिनच्या कुप्या असत. औषध जुनं, साधं, किंमत वडापावच्या आसपास. पाटणकडची एक बाई दर एकवीस दिवसांनी एसटीने यायची आणि एक कुपी घेऊन जायची. तिच्या मुलीला ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला होता. त्यात घसा आणि सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा धरल्या जातात. पुन्हा ताप येऊ नये म्हणून हे इंजेक्शन वर्षानुवर्षं, न चुकता घ्यावं लागतं. एकदा मला तिला सांगावं लागलं, माल आलेला नाही. पुढच्या खेपेलाही तेच. कराडचे स्टॉकिस्ट झाले, सांगली झाली, कोल्हापूर झालं. सगळीकडे एकच उत्तर, कंपनीकडूनच येत नाही. शेवटी पुण्याच्या एका मित्राने दोन कुप्या पाठवल्या, तोवर तिचे तीन डोस चुकले होते. डॉक्टरांनी मधल्या काळात गोळ्या दिल्या होत्या. आई शेतावर, मूल शाळेत. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या कधी पडायच्या, कधी राहायच्या. पावसाळ्यात पोरगी पुन्हा तापाने पडली.

त्याच कपाटात खालच्या खणांत महागडी अँटिबायोटिक्स भरलेली होती. एकेका औषधाचे दहा-दहा ब्रँड. त्यांचा तुटवडा मी कधी पाहिला नाही.

तो खण रिकामा का झाला, हे समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. तू पहिल्या वर्षातच समजून घे.

सरकारने औषधांच्या किमतीत पहिल्यांदा हात घातला तो चीनच्या युद्धानंतर, 1963 साली. त्या काळात अमेरिकी सिनेटच्या केफॉवर समितीने नोंदवलं होतं की भारतातल्या औषधांच्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींपैकी आहेत. गरीब देशात महाग औषध, हे सहन होण्यासारखं नव्हतं आणि सरकारने लगाम घातला तो योग्यच केला. पुढे 1970 चा किंमत नियंत्रण आदेश आला, जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली. त्याच वर्षी पेटंट कायदा बदलला आणि आपल्या कारखान्यांना वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायची मुभा मिळाली. आज आफ्रिकेपासून अमेरिकेपर्यंत आपलं औषध जातं, त्याचा पाया या दोन गोष्टींनी घातला. म्हणून कुणी तुला सांगितलं की किंमत नियंत्रणाने हा उद्योग मारला, तर ऐकून घे आणि मग विचार, नियंत्रणाच्या याच पन्नास वर्षांत हा उद्योग एवढा मोठा कसा झाला?

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 1979 च्या आदेशात 347 मूळ औषधं नियंत्रणाखाली होती. 1987 मध्ये ती 142 उरली, 1995 मध्ये 74. दर वेळी नवी यादी पोस्टाने यायची आणि आम्ही दुकानदार ती काचेखाली लावायचो. कंपन्या हळूहळू यादीतलं औषध सोडून यादीबाहेरचं काढतात, हे मला काउंटरवरूनच दिसायचं. कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर, यादीतल्या औषधाचं नाव घेईनासा झाला की ओळखायचं, हे आता जाणार. त्या काळी खर्च मोजून त्यावर ठरावीक वाढ देत. पण खर्चाचे आकडे कंपनीकडूनच यायचे, फाइली वर्षानुवर्षं पडून राहायच्या आणि तोवर कच्चा माल महाग झालेला असायचा.

2013 पासून पद्धतच बदलली. आता अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी धरतात. सध्याच्या, म्हणजे 2022 च्या यादीत 384 औषधं आहेत. एखाद्या औषधाचे बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असलेले जेवढे ब्रँड, त्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची साधी सरासरी काढायची, त्यावर दुकानदाराचे 16 टक्के घालायचे, की कमाल किंमत तयार. हे गणित तू कॉम्प्युटरवर रोज करशील. एकदा कागदावर कर. समज, चार ब्रँड आहेत, 10, 12, 14 आणि 40 रुपयांचे. सरासरी 19, कमाल किंमत 22 रुपये 4 पैसे. चाळीसवाला खाली आला, रोग्याचा फायदा झाला, छान. पण ती गोळी बनवायला दीड रुपया लागतो की पंधरा, हे या गणितात कुठेच विचारलेलं नाही. जिथे सगळेच ब्रँड चढे होते तिथे सरासरीही चढीच राहिली. आणि जुनं औषध, ज्याची किंमत आधीच्या आदेशांनी आणि आपापसातल्या स्पर्धेने घासून घासून तळाला गेलेली, ते त्या तळालाच बांधलं गेलं. वर जायचा रस्ता एकच, दर एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे मिळणारी वाढ. 2022 साली ती 10.77 टक्के होती. 2024 साली ती 0.00551 टक्के होती, म्हणजे शंभर रुपयांना अर्धा पैसा. निर्देशांकात सिमेंट, लोखंड, कापूस सगळं मोजलं जातं. चीनमधून येणाऱ्या एका रसायनाचे भाव दुप्पट झाले तर त्याची खबर त्या निर्देशांकाला लागत नाही.

पेनिसिलिनचं नेमकं हेच झालं. 1954 साली पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिन बनवायलाच. आपल्या कराडपासून चार तासांची वाट. पुढे चीनने पेनिसिलिनचा कच्चा माल इतका स्वस्त पाठवला की आपल्या भट्ट्या एकामागून एक बंद पडल्या. तो दोष किंमत नियंत्रणाचा नव्हता, आयातीचा होता. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण एकदा कच्चा माल परक्याच्या हाती गेल्यावर त्याचा भाव तो ठरवणार आणि इथली विक्रीची किंमत सरकार ठरवणार. मधल्या फटीत इंजेक्शन भरणारा कारखानदार सापडला. त्याने आरडाओरडा केला नाही. ऑर्डर कमी घेत गेला आणि एक दिवस माझा खण रिकामा राहिला.

सरकारला हे कळलं नाही असं नाही. 2013 च्या आदेशात परिच्छेद 19 आहे. असाधारण परिस्थितीत लोकहितासाठी किंमत खाली आणता येते तशी वरही नेता येते. डिसेंबर 2019 मध्ये 21 औषधप्रकारांची कमाल किंमत त्याखाली एकदम 50 टक्क्यांनी वाढवली. 2020 मध्ये कोविडच्या धामधुमीत हेपॅरिनची वाढवली. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये आणखी अकरा औषधप्रकार झाले, त्यांत बेंझिल पेनिसिलिन, ॲट्रोपिन, स्ट्रेप्टोमायसिन, सालब्युटामोल, लिथियम होतं. नावं नीट वाच. विषबाधा, क्षय, दमा, मनाचे आजार. यांतलं एकही चैनीचं औषध नाही. वर्तमानपत्रांनी मथळा दिला की औषधं महागली. माझ्या मते ती बातमी उलटी होती. ही औषधं बाजारातून जाण्याच्या बेतात होती आणि दोन-चार रुपयांच्या वाढीने ती राहण्याची शक्यता निर्माण झाली. 2020 मध्ये सरकारने कच्चा माल देशात बनवायला 6,940 कोटींची प्रोत्साहन योजनाही आणली आणि त्यात पेनिसिलिन-जी घेतलं. हे शहाणपण आहे, फक्त फार उशिरा आलेलं.

आता कुणी म्हणेल, मग सोडून द्या सगळ्या किमती बाजारावर. ते कधीही मान्य करू नकोस. औषधाच्या बाजारात लिहिणारा डॉक्टर, खाणारा रोगी आणि पैसे मोजणारा रोग्याचा मुलगा. यांतला कुणीही दुकानात घासाघीस करत नाही. स्टेंटचं बघ. फेब्रुवारी 2017 पूर्वी औषध लावलेल्या स्टेंटची सरासरी छापील किंमत 1,21,400 रुपये होती. औषधांच्या किमती ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने कमाल किंमत 29,600 ठरवली. काही परदेशी कंपन्यांनी आपले नवे स्टेंट काढून घ्यायची परवानगी मागितली, पण स्टेंट बसवणं काही बंद पडलं नाही. मधले नव्वद हजार बनवणाऱ्याच्या खर्चात नव्हतेच, ते साखळीत वाटले जात होते. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभा असलेला मुलगा त्या साखळीशी काय भांडणार? 2019 साली कर्करोगाच्या 42 औषधांवर व्यापारी नफ्याची 30 टक्क्यांची मर्यादा आली तेव्हाही शेकडो ब्रँडांच्या छापील किमती खाली आल्या.

आणि हे मी दुकानदार म्हणून सांगतो, खोटं वाटू देऊ नकोस. जेनेरिकच्या काही पट्ट्या मला नऊ रुपयांना पडायच्या आणि छापील किंमत साठ असायची. सूट देऊन चाळीसला विकली तरी गिऱ्हाईक आशीर्वाद देऊन जायचं. ते चाळीस मी घेतले आहेत. आज ते मला बरोबर वाटत नाही. यादीबाहेरच्या औषधाला कंपनी दर वर्षी दहा टक्के वाढ करू शकते. आठ वर्षांत किंमत दुपटीच्या पुढे जाते आणि कायदा कुठेही मोडत नाही.

म्हणून तुझ्या टेबलाबद्दल बोलतो.

यादीतून निसटायच्या युक्त्या तुला शिकवल्या जातील. ताकद थोडी बदला, दुसरं एखादं औषध मिसळा, नवं नाव द्या. अशी मिश्रणं माझ्या कपाटात ढिगाने होती. 2016 मध्ये सरकारने एका फटक्यात 344 मिश्रणांवर बंदी घातली, पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, पण बहुतेकांचं वैद्यकीय कारण कंपनीलाही नीट सांगता आलं नाही. असा प्रस्ताव तुझ्याकडे आला तर एकच प्रश्न लेखी विचार, रोग्याला यात जास्त काय मिळतं? उत्तर किमतीचं असेल आणि औषधाचं नसेल, तर तुझा शेरा तसा लिही. नवी मुलगी म्हणून तुझं ऐकणार नाहीत. शेरा मात्र फाइलीत राहतो.

खर्चाचा खरा आकडा लपवू नकोस. उद्योग सरकारपुढे रडतो तेव्हा सगळ्याच औषधांसाठी एकसारखा रडतो आणि म्हणून खरंच बुडणाऱ्या औषधाचंही कुणी ऐकत नाही. परिच्छेद 19 खाली अर्ज करायची वेळ आली तर कच्च्या मालाची बिलं, वाया जाणारा माल, उत्पादनाच्या दर्जाच्या नव्या नियमांप्रमाणे, म्हणजे शेड्यूल एम प्रमाणे, कारखाना सुधारायला आलेला खर्च, सगळं उघड मांड. महाड, लोटे, कुरकुंभच्या लहान कारखान्यांना हा खर्च पेलणं जड जातं आहे. त्यांना तो विक्रीच्या किमतीत मिळाला नाही तर दर्जातून काढला जाईल आणि ते सगळ्यांत वाईट.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. यादीतलं औषध बंद करायचं असेल तर किमान सहा महिने आधी जाहीर नोटीस द्यावी लागते आणि फॉर्म 4 भरून सरकारला कळवावं लागतं. सरकार आणखी वर्षभरापर्यंत उत्पादन चालू ठेवायला सांगू शकतं. नियम चांगला आहे. पण औषध बंद न करता नुसतं बारीक करत नेलं, महिन्याला दहा बॅचेसच्या जागी एक काढली, तर फॉर्म भरायची वेळच येत नाही. तिमाहीचे उत्पादनाचे आकडे फॉर्म 3 मध्ये तूच पाठवशील. त्यात एखादी ओळ सलग दोन-तीन तिमाह्या घसरताना दिसली, तर ती नुसती पुढे ढकलू नकोस. साहेबांना विचार, हे औषध आपण सोडतो आहोत का? सोडत असू तर आजच सांगू, म्हणजे दुसरा कुणी बनवायला घेईल.

कंपनीची गुपितं मला सांगू नकोस, मी विचारणारही नाही. पण फॉर्म 4 चा कागद पहिल्यांदा तुझ्या हाताखालून जाईल त्या दिवशी, सही व्हायच्या आधी, एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या औषध भांडारात फोन कर आणि विचार, तुमच्याकडे हे औषध किती दिवसांचं शिल्लक आहे, आणि ते दर एकवीस दिवसांनी न्यायला कोण येतं.

तुझा,
मामा