अल्सरचा दुसरा आरोपी

भोपाळच्या आनंद नगरातलं मेडिकल असो की मुंबईत परळमधलं, गुडघे धरले म्हणून पेनकिलर मागणाऱ्या आजोबांना दुकानदार बजावतोच, "रिकाम्या पोटी घेऊ नका, ॲसिडिटी होईल." या सल्ल्यात शंभर वर्षांहून जुना एक विचार मुरलेला आहे. ॲसिड नाही तर अल्सर नाही, असं झाग्रेबचे शल्यविशारद श्वार्त्झ यांनी १९१० मध्ये मांडलं आणि पुढे कित्येक दशकं जठराच्या प्रत्येक जखमेचा दोष ॲसिडवर गेला.

पण ॲसिड तर सगळ्यांच्याच जठरात असतं. मग अस्तर काहींचंच का सोलवटतं?

उत्तराचा एक धागा जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दिला. ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, हे त्यांनी दाखवलं. अस्तरावरचा चिकट थर आणि तिथला रक्तपुरवठा याच प्रोस्टाग्लँडिनवर पोसला जातो. कवच गेलं आणि ॲसिड आत शिरलं, असा सरळ हिशेब लागला. आरोपी मात्र तोच राहिला.

तो १९९० मध्ये बदलला. जॉन वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या रक्तातले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर सर्वांत आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, आधीच कमी केले आणि मग त्यांना इंडोमेथॅसिन हे पेनकिलर दिलं. जठराची इजा लक्षणीय घटली. पुढच्याच वर्षी सशांवरचा प्रयोग आला. पांढऱ्या पेशी ज्या प्रथिनाच्या आधारे रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, ते अँटिबॉडीने झाकलं, तेव्हाही जठर वाचलं. प्रोस्टाग्लँडिन घटलं की या पेशी भिंतीला चिकटतात, बारीक वाहिन्यांतला प्रवाह अडवतात आणि जंतूंसाठी राखलेली दाहक रसायनं आपल्याच अस्तराजवळ सोडतात, असं नवं चित्र उभं राहिलं. थोडक्यात, पहारेकऱ्यांनीच घर फोडलं.

मग या पेशींना चिकटूच न देणारं औषध का काढू नये? कल्पना मोहक आहे. तिची किंमत किती, हे समजायला मुंबईत सापडलेला एक रक्तगट उपयोगी पडतो. डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे, भाटिया आदींनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नोंदवलेला 'बॉम्बे' गट. फ्यूकोज नावाची साखर लाल पेशींवर योग्य जागी न जोडली गेल्याने तो तयार होतो. अशा माणसांच्या पांढऱ्या पेशी बहुधा ठणठणीत असतात, हे आधी सांगायला हवं. पण १९९२ मध्ये इस्राएलमधल्या दोन मुलांत हाच गट आढळला आणि सोबत वेगळाच बिघाड. त्यांच्या शरीरात फ्यूकोजची जोडणीच बिनसली होती. त्यामुळे पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीची भिंत पकडता येत नव्हती. रक्तात त्या भरपूर, पण संसर्गाच्या जागी पोहोचत नव्हत्या. मुलं वारंवार आजारी पडत, आणि जखमेत पू मात्र होत नसे.

जठर वाचवायला हा सौदा कुणी करणार नाही. म्हणूनच, पांढऱ्या पेशींवर इतका संशय येऊनही, पेनकिलरसोबत डॉक्टर ओमेप्रॅझोलसारखी ॲसिड कमी करणारी गोळीच लिहितात. श्वार्त्झ अर्धे बरोबर होते, असं म्हणायला हरकत नाही. अस्तर एकदा सोललं की जखम खोल करायला ॲसिड तयारच असतं.

नव्या चित्रालाही तडे गेले. प्रोस्टाग्लँडिन बनवणारं कॉक्स-१ हे विकर जन्मतः नसलेले उंदीर १९९५ मध्ये तयार झाले, आणि त्यांची जठरं आपोआप सोलली नाहीत! वॉलेस यांच्या गटाने २००० मध्ये हे कोडं बरंच उलगडलं. फक्त कॉक्स-१ रोखलं तर जठराचा रक्तप्रवाह घटतो, पण इजा होत नाही. फक्त कॉक्स-२ हे त्याचं भावंड विकर रोखलं तर पांढऱ्या पेशी चिकटतात, तरीही इजा होत नाही. दोन्ही एकाच वेळी रोखली की मात्र अस्तर फाटतं, आणि जुन्या पद्धतीच्या बहुतेक पेनकिलर गोळ्या दोन्ही रोखतात.