बिनभाड्याचा बिऱ्हाडकरू

घर कोणाचें, हा प्रश्न वरवर पाहतां वकिलाचा आहे. ज्याच्या नांवें खरेदीखत त्याचें घर, असें उत्तर कोणीहि सुज्ञ मनुष्य देईल व कचेरींत तें मान्यहि होईल. परंतु आपल्या जुन्या गृहस्थधर्मानें ही गोष्ट इतकी सोपी मानली नव्हती. गृहस्थाला सांगितलेल्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ हा एक आहे. शिजलेल्या अन्नाचा कांहीं भाग भूतमात्रांसाठीं काढून ठेवल्यावांचून त्यानें जेवूं नये, असा त्याचा आशय. कावळा, कुत्रा, मुंगी यांनाहि घराच्या व्यवस्थेंत वांटा आहे, हें त्यांत गृहीत धरलेलें आहे. मात्र या व्यवस्थेंत यजमानाची एक मोठी सोय होती. वांटा द्यावयाचा तो दाराबाहेर, आणि किती द्यावयाचा तें त्यानेंच ठरवावयाचें. आतां जो जीव दाराबाहेर थांबत नाहीं, सरळ माळ्यावर बिऱ्हाड करतो आणि आपला वांटा आपणच ठरवून घेतो, त्याच्याशीं गृहस्थानें कसें वागावें? हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों. आणि त्यासाठीं उदाहरण घेणार आहों तें ऑस्ट्रेलियांतल्या पॉसम नांवाच्या प्राण्याचें.

इतकें दूरचें उदाहरण कशासाठीं, असें कोणी विचारील. एक कारण असें कीं, तें आतां फारसें दूरचें राहिलेलें नाहीं. मेलबर्न, सिडनी या शहरांत आज पुष्कळ मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत, आणि ज्यांच्या घरचीं मुलें-सुना तिकडे आहेत त्यांना रात्रीं छपरावर होणाऱ्या धावपळीची कथा ऐकून ठाऊक असते. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. आपल्याकडे माकडाचा विषय निघाला कीं मारुती आठवतो आणि उंदराचा निघाला कीं गणपती. मग विचार मोकळेपणानें चालत नाहीं. पॉसमला आपल्या पुराणांत ना वर मिळालेला आहे ना शाप. त्यामुळें त्याच्याविषयींचा न्याय आपल्याला निव्वळ बुद्धीनें करतां येईल.

पॉसम हा कांगारूच्या दूरच्या नात्यांतला, पोटाशीं पिशवी असलेला शिशुधान प्राणी. शहरांतून त्याच्या दोन जाती विशेष आढळतात. झुपकेदार शेपटीचा पॉसम साधारण मांजराएवढा असतो व त्याचें वजन साडेचार किलोपर्यंत भरूं शकतें. वळणाऱ्या शेपटीचा त्याहून बराच लहान, सुमारें किलोभराचा. दोघेहि रात्रिंचर. युकॅलिप्टसचीं पानें हें त्यांचें मूळचें अन्न; पण गुलाबाच्या कळ्या, कोंवळी पालवी आणि पिकत आलेलीं फळें मिळालीं तर त्यांना तीं वर्ज्य नाहींत. मोठ्या जातीच्या मादीला बहुधा एका वेळीं एकच पिलूं होतें. तें चार-पांच महिने पिशवींत व त्यापुढें कांहीं काळ आईच्या पाठीवर वाढतें. लहान जातीचा पॉसम झाडाझुडुपांत काटक्यापानांचें घरटें बांधतो. मोठ्याला मात्र झाडाची ढोली लागते. आणि येथेंच सर्व तंट्याचें मूळ आहे. युकॅलिप्टसच्या झाडाला चांगली ढोली पडण्यास शंभर वर्षें किंवा त्याहूनहि अधिक काळ लागतो. शहरें वसवितांना अशीं जुनीं झाडें तोडलीं गेलीं. नवीं लावलीं तरी त्यांना ढोल्या पडलेल्या पाहण्यास लावणारा जिवंत असणार नाहीं. मग कौलांखालचा अंधार हीच त्या प्राण्याची ढोली झाली.

तेव्हां उपरा कोण, हें एकदम सांगणें कठीण आहे. युरोपीय वसाहतवाले येण्यापूर्वीं हजारों वर्षें जे आदिवासी त्या भूमींत नांदत होते, ते पॉसमची शिकार करीत, त्याचें मांस खात व त्याचीं कातडीं शिवून थंडीसाठीं मोठाल्या शाली करीत. इ. स. १८५३ व १८७२ या सालांतल्या अशा दोन शाली मेलबर्नच्या संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत. त्या लोकांचें पॉसमवर प्रेम होतें असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. पण त्यांचा त्याच्याशीं परिचय होता, आणि त्याचें घर मोडण्याचा विचार त्यांच्या व्यवहारांत नव्हता. त्याचें घर मोडून वर त्यालाच घुसखोर म्हणणें ही रीत अलीकडची आहे.

असें असलें तरी उपद्रव खोटा ठरत नाहीं. ज्याच्या माळ्यावर पॉसम राहतो त्याला झोंपेचें खोबरें होणें म्हणजे काय तें कळतें. छताला मुताचे डाग पडतात, दुर्गंधी सुटते. हौसेनें लावलेला गुलाब एका रात्रींत उघडा पडतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाला अशा वेळीं भूतदयेवर व्याख्यान देणें म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणें होय. आपल्या घरांत शांतपणें निजण्याचा हक्क हा क्षुद्र हक्क नव्हे. प्रश्न एवढाच कीं, तो बजावतांना कोणत्या मर्यादेपर्यंत जावें.

व्हिक्टोरिया राज्यांतल्या कायद्यानें ही मर्यादा मोठ्या मार्मिकपणें घातली आहे. १९७५ च्या वन्यजीव कायद्यानें पॉसमला तेथें संरक्षण आहे. घरांत शिरलेला पॉसम पिंजऱ्यांत धरण्यास मुभा आहे. पण धरल्यावर त्याच दिवशीं सूर्यास्तानंतर, त्याच आवारांत, धरल्या जागेपासून ५० मीटरांच्या आंत त्याला सोडलें पाहिजे. प्रथमदर्शनीं हा नियम हास्यास्पद वाटतो. चोराला धरून अंगणांतच सोडावयाचें, तर धरावयाचें कशाला? परंतु कारण ऐकिलें म्हणजे हंसूं मावळतें. प्रत्येक पॉसमचा मुलूख ठरलेला असतो. दूरच्या रानांत नेऊन सोडलेल्याला तेथले जुने रहिवासी थारा देत नाहींत. आसरा न मिळालेला तो प्राणी जमिनीवर भटकतो आणि कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडीं पडतो. अशा रीतीनें सोडलेल्यांपैकीं बहुतेक थोड्याच दिवसांत मरतात.

येथें आम्हांला आपल्याकडची एक घरगुती रीत आठवते. उंदीर पिंजऱ्यांत सांपडला म्हणजे त्याला मारण्याचें पाप नको म्हणून आपण तो पिंजरा पहांटे उचलतों आणि चार घरें टाकून कोणाच्या तरी परसांत रिकामा करतों. आपला हात स्वच्छ, आपलें मन शांत! पुढें तो उंदीर मांजराच्या तोंडीं गेला किंवा शेजाऱ्याच्या कोठींत गेला, तें आपल्या पापपुण्याच्या खतावणींत येत नाहीं. अशा दयेचा खरा विषय उंदीर नसून आपली नजर असते. दुःख घडूं नये यापेक्षां तें आपल्यासमोर घडूं नये, एवढीच तिची इच्छा. पन्नास मीटरांचा तो नियम ही पळवाट बंद करतो. तो गृहस्थाला जणूं सांगतो: तुला त्याला घराबाहेर काढावयाचें असेल तर काढ, पण त्याचें पुढें काय होतें तें तुझ्या डोळ्यांदेखत होऊं दे.

मग उपाय काय? जाणते लोक सांगतात ते उपाय साधे आहेत, पण त्यांना सबुरी लागते. प्रथम छपराची नीट पाहणी करून पॉसमची येण्याजाण्याची वाट शोधावी. बागेंतल्या झाडावर उंच जागीं लांकडी पेटी टांगून त्याला पर्यायी बिऱ्हाड द्यावें. मग एखाद्या संध्याकाळीं, तो चरावयास बाहेर पडल्यावर, आंत पिलूं राहिलें नाहीं याची खात्री करून, छिद्र पक्कें बंद करावें. छपरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्या. फळझाडाच्या खोडाभोंवतीं सुमारें दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा जमिनीपासून तितक्याच उंचीवर गुंडाळला म्हणजे त्याला वर चढतां येत नाहीं; अर्थात् शेजारच्या झाडावरून उडी मारण्यास वाट असतां कामा नये. जाळें घालावयाचें तर तें बारीक विणीचें असावें, कारण मोठ्या भोंकांच्या जाळ्यांत पांखरें, वटवाघळें व साप अडकून मरतात. व्हिक्टोरियांत २०२१ पासून घरच्या फळझाडांवरील जाळ्याचें भोंक पांच मिलिमीटरांहून मोठें नसावें असा नियमच आहे. लसूण, मिरची यांचे फवारे पुष्कळ सांगितले जातात, पण त्यांचा गुण पावसाच्या पहिल्या सरीबरोबर वाहून जातो.

या उपायांकडे आम्ही केवळ कारागिरी म्हणून पाहत नाहीं. त्यांत एक नीतितत्त्व दडलेलें आहे. हांकलणें आणि अडविणें यांत मोठें अंतर आहे. हांकलणारा सर्व भार दुसऱ्यावर टाकतो; अडविणारा त्यांतला कांहीं स्वतःकडे घेतो. पेटी बनविणें, शिडीवर चढणें, संध्याकाळभर वाट पाहत बसणें, हा त्याचा खर्च. ज्याचें घर आपल्यामुळें गेलें त्याला आपल्या घरांत ठेवून घेण्यास आपण बांधलेले नाहीं. पण त्याला बाहेर काढण्याचा खर्च मात्र आपणच सोसला पाहिजे. शेजारधर्म म्हणतात तो याहून वेगळा नाहीं. शेजाऱ्यावर माया करण्याची सक्ति कोणावरहि नसते. त्याची वाट न अडवितां आपलें कुंपण घालावें, एवढेंच त्यांत अपेक्षित असतें.

विचार येथेंच थांबविला असता तर तो सुखाचा झाला असता. पण हाच प्राणी समुद्रापलीकडे न्यूझीलंडांत पाहिला म्हणजे आपला निर्णय डळमळूं लागतो. त्या देशांत वटवाघळांखेरीज जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नव्हता. तेथलीं झाडें व पक्षी अशा शत्रूवांचून वाढलेले. केंसाळ कातड्याच्या व्यापारासाठीं वसाहतवाल्यांनीं ऑस्ट्रेलियांतून पॉसम तेथें नेला. १८३७ सालचा पहिला प्रयत्न फसला. १८५८ सालीं तो साधला. पुढें कित्येक वर्षें कायद्यानेंच त्याची जोपासना केली, आणि १९४७ सालीं त्याच्या शिकारीवरील सर्व बंधनें उठविण्याची पाळी आली. तोंवर फार उशीर झाला होता. एके काळीं त्याची संख्या कांहीं कोटींच्या घरांत गेली. राता, पोहुतुकावा यांसारखे वृक्ष त्यानें पानें खाऊन उभे वाळविले; तो पक्ष्यांचीं अंडीं व पिलेंहि खातो, हें १९९३ सालीं कोकाको नांवाच्या दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याशीं लावलेल्या कॅमेऱ्यानें दाखविलें; गुरांत क्षयाचा प्रसार त्याच्यामुळें होतो तो निराळाच. २०१६ सालीं तेथल्या सरकारनें २०५० पर्यंत पॉसम, उंदीर व मुंगसासारखे शिकारी प्राणी यांचें निर्मूलन करण्याचा संकल्प जाहीर केला आहे.

तोच जीव, तीच भूक, तेंच पिशवींतलें पिलूं. मेलबर्नला त्याला इजा केली तर दंड, आणि समुद्र ओलांडतांच त्याला मारणें हें देशकार्य! जीवाचें मोल नकाशावर अवलंबून असतें काय? आम्हांला वाटतें, त्याचें मोल तेंच राहतें. बदलतें तें आपल्या कर्तव्याचें रूप. न्यूझीलंडांत पॉसमला न मारणें म्हणजे हिंसा टाळणें नव्हे. तेथें न मारण्याचीहि किंमत आहे, आणि ती घरट्यांतलीं पांखरें मोजतात. १९२६ सालीं अहमदाबादेंतल्या एका गिरणीमालकानें आपल्या आवारांतलीं सुमारें साठ भटकीं कुत्रीं मारविलीं, तेव्हां महात्मा गांधींनीं त्याची बाजू घेतली व त्यावरून मोठें वादळ उठलें. अहिंसेचा एवढा मोठा पुरस्कर्ता असें कां बोलतो, हें पुष्कळांना उमगेना. त्यांचा रोख असा होता कीं, कुत्र्यांना तुकडे टाकून बेवारशी वाढूं देणारी, पण त्यांची जबाबदारी न घेणारी दया ही दयाच नव्हे. तो निर्णय पटो वा न पटो, त्यांतला विचार टाळतां येणार नाहीं. हात न उचलणारा मनुष्य तेवढ्यानें निर्दोष ठरत नाहीं.

परंतु मारणें कर्तव्य ठरलें म्हणून तें सणासारखें साजरें करावें असें होत नाहीं. न्यूझीलंडांत कांहीं ठिकाणीं शाळांच्या निधीसाठीं पॉसमच्या शिकारीच्या स्पर्धा भरतात, मेलेल्या पॉसमना कपडे चढवून मुलें त्यांची थट्टा करतात, आणि त्यावर तेथल्याच विचारी लोकांनीं आक्षेप घेतलेला आहे. आम्हांला तो आक्षेप सर्वस्वीं रास्त वाटतो. पॉसम त्या देशांत पोहून गेला नाहीं. त्याला माणसानें गलबतांतून नेलें, तेंहि त्याच्या कातड्याच्या लोभानें. अपराध माणसाचा आणि शिक्षा पॉसमला, अशी ती स्थिति आहे. ती शिक्षा टळत नसेल तर ती शक्य तितक्या कमी वेदनेनें व्हावी, आणि देणाऱ्याच्या मनांत द्वेषाऐवजीं ऋणाची जाणीव असावी. शत्रु म्हणून मारणें आणि आपल्या चुकीचा बळी म्हणून मारणें, यांत मरणाऱ्याला फरक पडत नाहीं हें खरें. मारणाऱ्याच्या पोरांना मात्र पडतो, कारण तीं पाहत असतात.

तेव्हां दोन्ही देशांना लागू पडेल असा एकच नियम आम्हांला सुचतो. ज्या गैरसोयीचें मूळ आपल्या कृतींत आहे, तिचा परिहार आपल्या श्रमानें करावा, आणि त्याचा परिणाम डोळे उघडे ठेवून पाहावा. मेलबर्नच्या गृहस्थाकडे हा नियम एक शिडी, एक पेटी आणि एक संध्याकाळ मागतो. न्यूझीलंडच्या गृहस्थाकडे त्याची मागणी फार जड आहे. आणि आपल्यासारख्यांकडे, ज्यांच्या छपरावर पॉसम नाहीं पण माळ्यावर उंदीर, गच्चींत कबुतरें व दारांत कुत्रीं आहेत, तो निदान एवढें मागतो कीं, उद्यां पहांटे पिंजरा उचलून निघतांना तो कोणाच्या दारांत रिकामा करणार आहों, याचा क्षणभर विचार करावा.