पत्राखाली सही कोणाची?

जानेवारी २०२५मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी कर्मचाऱ्यांपुढे नव्वद तासांच्या आठवड्याची भाषा केली. रविवारी तुम्हाला कामावर बोलावता येत नाही याची खंत बोलून दाखवली आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असंही विचारून टाकलं. व्हायचा तो गदारोळ झाला. पण विधानापेक्षा कंपनीचा खुलासा जास्त बोलका होता. आमचं काम राष्ट्रउभारणीचं आहे, असामान्य यशासाठी असामान्य मेहनत लागते, असा त्याचा मथितार्थ. त्याच्या सव्वा वर्ष आधी नारायण मूर्तींनी तरुणांकडे सत्तर तास मागितले होते, तेही देशासाठीच.

तासांचा हिशेब अंगाशी येऊ लागला की कामाला थोर अर्थ चिकटवायचा, ही कॉर्पोरेट जगाची आता रीतच झाली आहे. भिंतीवर ‘पर्पज’चं पोस्टर, टाउनहॉलमध्ये साहेबांचं भाषण आणि सोमवारी टॅक्सीच्या साडेतीनशे रुपयांच्या बिलाला तीन जणांची मंजुरी! अर्थपूर्ण कामाच्या कल्पनेची याहून मोठी थट्टा नसेल. ही कल्पना ऐन भरात होती तेव्हा साहेबांच्या हातून काहीतरी काढून घेत होती.

अ‍ॅडम स्मिथची टाचणी, मार्क्सचा परात्मभाव, टेलरचं घड्याळ हा रस्ता वाचकांच्या पायाखालचा आहे. हॉथॉर्नच्या प्रयोगांवरून एल्टन मेयोने कामगारालाही मन असतं हे व्यवस्थापकांच्या गळी उतरवलं. १९४३मध्ये मॅस्लोने गरजांची उतरंड मांडली. (तो प्रसिद्ध पिरॅमिड त्याचा नव्हे, मागाहून आलेल्यांचा.) इथवर फारसा वाद नाही.

गफलत होते ती मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गपाशी. १९५९च्या पुस्तकासाठी त्याने आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांना विचारलं, की नोकरीत सर्वांत बरं कधी वाटलं आणि सर्वांत वाईट कधी. वाईट आठवणींत कंपनीची धोरणं, वरिष्ठ, पगार हे विषय पुन्हा पुन्हा येत होते. चांगल्या आठवणींत तडीस नेलेलं काम, मिळालेली दाद, अंगावर आलेली जबाबदारी. व्यवस्थापनाच्या वर्गात यातलं एकच सूत्र शिल्लक राहतं: पैशाने माणूस कामाला लागत नाही. इन्क्रिमेंटच्या महिन्यात एचआरवाल्यांना ते फार सोयीचं पडतं.

हर्झबर्ग असं म्हणतच नव्हता. पगार अपुरा असेल तर माणूस धुमसणार आणि ते धुमसणं आधी थांबवलं पाहिजे, हा त्याच्या सिद्धांताचा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा साहेबलोकांना आणखी अडचणीचा. १९६८च्या गाजलेल्या लेखात त्याने पगारवाढीपासून मानवी संबंधांच्या प्रशिक्षणापर्यंत बऱ्याच उपायांना पार्श्वभागावर लाथ घालण्याचे सभ्य प्रकार ठरवून निकालात काढलं. मग एका बड्या कंपनीतला प्रयोग मांडला. भागधारकांच्या पत्रांना उत्तरं देणारा विभाग. माणसं पारखून घेतलेली, शिकवून तयार केलेली, तरी कामात राम नाही. पत्र लिहायचं एकाने, प्रत्येक पत्र तपासायचं दुसऱ्याने आणि खाली सही वरिष्ठाची.

प्रयोगात ती सही ज्याने पत्र लिहिलं त्याची झाली. अनुभवी लोकांची सगळी पत्रं तपासली जात, ती दहा टक्क्यांवर आली. ठरावीक साच्यातल्या मजकुराऐवजी आपल्या भाषेत लिहायची मुभा मिळाली. अडलेल्याने आधी साहेबाकडे धावण्याऐवजी त्या विषयात मुरलेल्या सहकाऱ्याला विचारायचं, असं ठरलं. सुरुवातीला काम घसरलं, मग मात्र चढत गेलं आणि लोकांचं कामावर मनही बसलं. या बदलांत ध्येयाच्या भाषणाला कुठेच जागा नव्हती.

हर्झबर्गच्या मुलाखतींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे: माणूस यशाचं श्रेय स्वतःकडे घेतो, अपयशाचं खापर दुसऱ्यावर फोडतो. पण पत्रांच्या प्रयोगाला तो लागू पडत नाही. तिथे कोणाला आठवणी विचारल्या नव्हत्या, अधिकार हलवले होते.

आणि ही गोष्ट अमेरिकेने पहिल्यांदा शोधली असंही नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस १९५३मध्ये अहमदाबादला साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये काम करत होते. नवे स्वयंचलित माग बसवूनही अपेक्षित फळ मिळत नव्हतं. २२४ मागांवर २९ माणसं आणि कामं बारा तऱ्हांची: विणणारा वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, झाडणारा वेगळा, वर जॉबर. विणकराच्या वाट्याला थोडे माग, तेलवाल्याच्या वाट्याला सगळेच. त्यामुळे कोण कोणाचा जोडीदार याचा मेळच बसेना. ठरावीक मागांचा पूर्ण भार एकेका गटाने उचलावा, अशी कल्पना राइस यांनी मांडली. ती कामगारांनीच उचलून धरली आणि आपापले गट स्वतः जुळवले. माग तेच राहिले, तरी उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं.

हा प्रयोग आज सांगितला गेलाच तर ‘टीमवर्क’ची गोष्ट म्हणून. पण एकोपा तर आधीही असू शकला असता. आपल्या मागांवर कोणी काय करायचं हे ठरवण्याचा हक्क तेवढा आधी नव्हता, आणि प्रयोगात तो वरून खाली आला.

असा हक्क एकदा देऊन भागत नाही. १९७०मध्ये टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर पाहणीसाठी कॅलिकोत परतले, तेव्हा एका ठिकाणी गटपद्धत जवळजवळ जशीच्या तशी चालू होती. इतरत्र ती जुन्या वळणावर घसरली होती. म्हणून कंपन्यांच्या प्रमुखांनी पुढचं भाषण लिहून घेण्याआधी आपल्याकडच्या मंजुऱ्यांची यादी मागवावी आणि त्यातल्या कोणत्या काढून टाकता येतील, हे त्या मिळवण्यासाठी रोज हेलपाटे घालणाऱ्यांनाच विचारावं.