ताप चालतो, सुई चालत नाही?

पोरी, परवा तुझी आई भेटली. म्हणाली, यंदाही तू फ्लूची लस घेतली नाहीस. कारण काय, तर ‘एमएसवाल्यांनी (मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांनी) लस घेतली की अटॅक येतो’, म्हणजे आजार पुन्हा उसळतो, असं कुणीतरी सांगितलं. कुणी सांगितलं? शेजारच्या काकू की व्हॉट्सअॅपवरचा एखादा वैद्य? याच कामठीत दहावीपर्यंत मी तुला विज्ञान शिकवलं. पुरावा विचारल्याशिवाय मान डोलवायची नाही, हे वर्गात किती वेळा बजावलं होतं! आणि स्वतःच्या मेंदूचा प्रश्न आला तेव्हा नेमकं तेच विसरलीस?

मग आता पुरावा ऐक. १९९७ साली अमेरिकेत एमएसच्या १०४ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना फ्लूची खरी लस दिली, काहींना नुसतंच इंजेक्शन. कुणाला काय मिळालं हे ना देणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला. पुढच्या २८ दिवसांत लस घेतलेल्या गटात तिघांना अटॅक आला, दुसऱ्या गटात दोघांना. एवढ्या फरकावर लसीला दोषी धरता येत नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी उलट बाजू तपासली. ज्यांना फ्लू झाला, त्यांच्यातल्या जवळजवळ ३३ टक्के रुग्णांना सहा आठवड्यांत अटॅक आला. लस घेतलेल्यांत ५ टक्क्यांना. आता तूच सांग, भ्यायचं कुणाला? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तुझा कारभार चाललाय.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तुझे पाय जड होतात, डोळ्यांपुढे धूसर होतं. हे तू मला स्वतः सांगितलंस. उटॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९० मध्येच श्रमानंतर दृष्टी अशी धूसर होण्याची नोंद केली होती. मायलिनचं आवरण झिजलेल्या नसांतून संदेश आधीच रखडत जातो. अंगाची उष्णता थोडी वाढली तरी तो अडतो. बाहेरच्या उन्हाला तू कूलर लावतेस. फ्लूचा १०२ ताप आतून चढेल, तेव्हा कुठला कूलर लावणार आहेस? तापाने वाढलेला त्रास ताप उतरल्यावर ओसरतो, हे खरं. पण फ्लूने चवताळलेली प्रतिकारशक्ती पुन्हा मायलिनवर उठली, तर गेलेलं बळ पूर्ण परत येईलच असं नाही. लसीने फार तर एखाद-दोन दिवस दंड दुखेल, अंग कसकस करेल.

आणि फ्लूला हलकं समजू नकोस. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हा सगळा महाराष्ट्र तोंडाला रुमाल बांधून फिरत होता. तोच विषाणू आता दरवर्षीचा साधा फ्लू होऊन बसलाय आणि दरवर्षीच्या लसीत त्याचाही समावेश असतो. भीती ओसरली, विषाणू मात्र इथेच राहिला.

आता नीट ऐक, पुन्हा सांगणार नाही. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो आणि लसीचं बळ यायला दोन आठवडे लागतात. मृग तोंडावर आलाय. तुझं एमएसचं औषध, रिटुक्सिमॅब, दर सहा महिन्यांनी असतं. ते अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशींच्या मुळावरच येतं, म्हणून लस पुढच्या डोसच्या निदान दोन आठवडे आधी बसली पाहिजे. तारीख न्यूरॉलॉजिस्टला विचारून ठरव. सध्या अटॅक चालू असेल तर तो निवळेपर्यंत थांब. नाकात फवारायची लस घेऊ नकोस. तिच्यात जिवंत विषाणू असतो. दंडात टोचायची, निष्क्रिय विषाणूचीच घ्यायची. खोक्यावरचं वर्ष वाच, गेल्या हंगामाची माथी मारून घेऊ नकोस. आणि नागपूरहून लस विकत घेऊन भर दुपारी स्कूटरच्या डिकीत टाकून कामठीला आणायचा शहाणपणा तर अजिबात नको. ती २ ते ८ अंशांत राहायला हवी. जिथे फ्रीजमधून काढतात तिथेच टोचून घे.

आणि तुझ्या भावालाही सांग. रोज खच्चून भरलेल्या बसने नागपूरला जातो-येतो, शिंकत घरी येतो आणि ‘मला काय होतंय’ म्हणतो! त्याला काही होणारही नाही, होईल ते तुला. तुझ्या औषधामुळे तुझ्या अंगात लस कमी लागू पडते, म्हणून घरातल्या प्रत्येकाने घेतलीच पाहिजे. पैशांचं कारण मला सांगू नका. एका एमआरआयला याहून कितीतरी जास्त मोजता.

टोचून झालं की फोन कर. त्याआधी सबबी सांगायला केलास तर मी उचलणार नाही.