वजा एक तृतीयांश

एखादी गृहिणी रस्त्यावरच्या अपघातात गेली, तर तिच्या मृत्यूची भरपाई काढायचं एक सूत्र आपल्या देशात आहे. ते गुप्त नाही आणि अवघडही नाही. सातवीतल्या मुलाला जमेल एवढंच गणित त्यात आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे सूत्र दिसलं की ते चालवून बघायची खोड आहे. हे सूत्र मी माझ्या आईसाठी चालवलं.

आई लग्न होऊन वयाच्या विसाव्या वर्षी बार्शीला आली आणि पुढची ३२ वर्षं तिथेच राहिली. खाली बाबांचं किराणा दुकान, वर घर, ताई आणि मी. डिसेंबर २०२३ मध्ये ती बसलेल्या रिक्षाला ट्रकनं मागून धडक दिली. ती ५२ वर्षांची होती. काही महिन्यांनी आम्ही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा दाखल केला. अर्जाच्या मसुद्यात बाबा, ताई आणि मी ‘अर्जदार’ होतो आणि आई ‘मयत’ होती. पुढे दोन रकाने रिकामे होते. मयताचा व्यवसाय. मयताचं मासिक उत्पन्न.

वकीलसाहेब भले माणूस. आमचं भलं व्हावं म्हणूनच ते म्हणाले, “शिवणकाम दाखवू. महिना दहा हजार. दोन शेजारणींची शपथपत्रं जोडू.” बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “साहेब, तिला सुईत दोरा ओवायचासुद्धा कंटाळा होता. दुसऱ्या कुणाची तरी बाई मेली असं वाटेल मला.” मग व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलं गेलं, आणि उत्पन्नाचा प्रश्न कायद्याकडे गेला.

कायद्याची या बाबतीतली वाटचाल वाईट नाही. जमशेदपूरला १९८९ साली लागलेल्या आगीत अनेक बायका आणि मुलं गेली. त्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या घरकामाचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. २०१० मध्ये त्याच न्यायालयानं जनगणनेच्या वर्गवारीवर कडक शब्दांत टीका केली, कारण २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायका भिकारी आणि कैद्यांच्या सोबत ‘अनुत्पादक’ गटात बसवल्या होत्या. जानेवारी २०२१ मध्ये न्यायमूर्ती रमणा यांनी निकालपत्रात सरकारच्याच वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे मांडले. २०१९ च्या त्या पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७ मिनिटं. २०११ च्या जनगणनेत सुमारे १६ कोटी बायकांनी घरकाम हेच आपलं मुख्य काम सांगितलं होतं, तर पुरुषांनी सुमारे ५८ लाख. या कामाला पैशात मोजणं म्हणजे त्याची दखल घेणं, असा त्या निकालाचा रोख आहे.

हे मला पटतं. आमच्या क्षेत्रात एक साधी गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात. डेटाबेसमध्ये ‘शून्य’ वेगळं आणि ‘नल’ वेगळं. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे तिथे काही नोंदलेलंच नाही. बेरीज करताना नल असलेल्या ओळी मुकाट वगळल्या जातात. चूक दाखवणारा संदेशही येत नाही, आणि उत्तर मात्र बरोबर असल्यासारखं दिसतं. देशाच्या उत्पन्नाच्या बेरजेत आईचं काम असंच वगळलं गेलं. आई म्हणजे अनमोल, तिचं मोल कसं करणार, असं आपण म्हणतो तेव्हा ते आदरानं म्हणतो हे खरं. पण ज्याचं मोल करता येत नाही त्याला शेवटी काही द्यावंच लागत नाही, हेही तितकंच खरं. एखाद्याला फुकट राबवायचं असेल तर त्याला अनमोल म्हणणं फार सोयीचं पडतं.

तेव्हा मोजणं हा अपमान नाही. मला अडचण आली ती पुढच्या पायरीला.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांतून पक्कं झालेलं सूत्र असं आहे. समजा आईचं मानीव उत्पन्न महिना ९,००० रुपये धरलं. वर्षाचे झाले १,०८,०००. ५० ते ६० या वयासाठी भविष्यातली वाढ म्हणून त्यात १० टक्के मिळवायचे. झाले १,१८,८००. आता यातून मयताचा ‘वैयक्तिक खर्च’ वजा करायचा. मागे दोन-तीन अवलंबित असतील तर तो एक तृतीयांश. म्हणजे ३९,६०० गेले, उरले ७९,२००. ५१ ते ५५ वयाला गुणक ११. उत्तर ८,७१,२००. सहवास हरपल्याबद्दल, अंत्यविधीसाठी वगैरे ठरावीक रकमा वेगळ्या.

हा एक तृतीयांश का वजा करतात? कारण भरपाई मयताची नसते, मागे राहिलेल्यांची असते. ती जगली असती तर कमाईतलं काही स्वतःवर खर्च करणारच होती. तेवढं आम्हाला तसंही मिळालं नसतं, मग ते आमचं नुकसान कसं? तर्क चोख आहे. मेलेल्या माणसाला पैसे देता येत नाहीत, त्यामुळे न्यायालयापुढे दुसरा मार्गही नाही. सूत्रात ‘बग’ नाही.

पण जरा थांबून त्या ओळीकडे बघा. संपूर्ण हिशेबात तिच्या स्वतःच्या जगण्याबद्दल बोलणारी ती एकच ओळ आहे. बाकी सगळ्या ओळी ती आम्हाला काय देत होती याच्या आहेत. आणि हिशेबात तिचा म्हणून जो भाग येतो, तो वजा होण्यासाठी येतो.

यात एक विचित्र थट्टाही आहे. कायदा गृहीत धरतो की बाई आपल्या कमाईचा तिसरा हिस्सा स्वतःसाठी वापरते. आपल्या गावांतल्या किती घरांत बाईला हा तिसरा हिस्सा मिळतो? पैशाचा राहू द्या, वेळेचा? सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर जी जेवायला बसते, तिला न्यायालयाच्या कागदावर घरापेक्षा मोठा वाटा मिळालेला असतो. तोही मेल्यावर, आणि तोही वजाबाकीत.

आईच्या बाबतीत मात्र तो हिस्सा खरोखर होता. तो तिनं २०२१ पासून घ्यायला सुरुवात केली. लग्नानंतर दुपारच्या वेळी गल्ल्यावर तीच बसायची, कारण बाबा जेवून पडायचे. त्या वर्षी तिनं जाहीर केलं की दुपारी दोन ते चार मी दुकानात बसणार नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात तिनं बी.ए.ला नाव घातलं होतं. बारावी झालेली होतीच. जुन्या बिलबुकांच्या पाठकोऱ्या कागदांवर ती समाजशास्त्राची टिपणं काढायची. या वयात नोकरी करणार का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “नोकरी कशाला? मला वाचायचंय.”

बाबांनी त्या वेळेपुरता दुकानात एक मुलगा ठेवला, महिना ४,००० रुपयांवर. तीस वर्षं ज्या कामाचा आकडा कुठेच नव्हता, तो तिनं काम सोडल्याबरोबर पहिल्या महिन्यातच मिळाला. अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच हा तिढा दाखवला होता: एखाद्यानं घर सांभाळणाऱ्या पगारी बाईशीच लग्न केलं, तर काम तेवढंच राहतं आणि राष्ट्रीय उत्पन्न मात्र कमी होतं. आमच्या घरात तोच तिढा उलटा सुटला.

वकीलसाहेबांना मी तिच्या बी.ए.बद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, याचा दाव्यात उपयोग नाही. तेही बरोबरच होतं. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा अपघातात गेला तर न्यायालयं त्याची पुढची कमाई अंदाजानं धरतात. बावन्नाव्या वर्षी नुसतं वाचायचं म्हणून शिकणाऱ्या बाईच्या शिकण्यातून कुणालाच काही मिळणार नव्हतं. म्हणजे कुणाचं नुकसानही नव्हतं.

कुणाचंच?

मृत्यू हे नक्की कुणाचं नुकसान, हा प्रश्न जुना आहे. एपिक्युरसचं म्हणणं असं की मृत्यू आपल्यासाठी काहीच नाही, कारण आपण असतो तेव्हा तो नसतो आणि तो येतो तेव्हा आपण नसतो. त्याचं खरं मानलं तर नुकसान फक्त मागे राहणाऱ्यांचं, आणि आमचा दावा अर्ज हाच पूर्ण हिशेब ठरतो. थॉमस नेगल या तत्त्वज्ञानं १९७० च्या एका निबंधात याचा प्रतिवाद केला. मृत्यू वाईट आहे तो त्यात काही दुखतं म्हणून नव्हे. जगणं चालू राहिलं असतं तर त्या माणसाला जे मिळालं असतं, ते हिरावलं जातं म्हणून तो वाईट. हे नुकसान मरणाऱ्याचं असतं, आणि ते सोसायला तो उरला नाही म्हणून ते खोटं ठरत नाही.

मी नेगलच्या बाजूचा आहे. आईचं तिसरं वर्ष राहिलं, हे तिचं नुकसान आहे. त्यातला एक रुपयाही माझा नाही.

आणि हे फक्त कायद्याला दिसत नाही असंही नाही. चौकातले श्रद्धांजलीचे फलक वाचा. प्रेमळ पत्नी, कष्टाळू माता, सगळ्यांना जीव लावणारी. घर पोरकं झालं, मायेचं छत्र हरपलं. हे सगळं खरं असतं. पण या प्रत्येक ओळीत तीच गेलेली असते आणि नुकसान कुणा दुसऱ्याचं झालेलं असतं. दावा अर्जाचं आणि आपल्या शोकाचं व्याकरण एकच आहे. फरक इतकाच की कायदा वजा करताना निदान आकडा लिहितो. आपण तिचा भाग न लिहिताच वजा करतो.

मराठीत ही दोन्ही व्याकरणं शेजारी शेजारी उभी आहेत. ‘श्यामची आई’ १९३५ साली आलं. त्यातल्या आईवर आपण पिढ्यान् पिढ्या रडलो, आणि शीर्षकातसुद्धा ती श्यामची आहे. त्याच सुमारास, १९३४ पासून, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ येऊ लागली. तीही पत्नी होती, आई होती, संसारात पोळलेली होती, पण तिथे सांगणारी ती स्वतः होती. पहिलं पुस्तक खोटं नाही. ते मुलाच्या बाजूचं आहे, इतकंच. बहुतेक बायकांच्या वाट्याला मात्र पहिल्याच प्रकारची आठवण येते.

यावर एक आक्षेप येतो. त्या बायकांना घरासाठी करण्यातच समाधान होतं, त्यांना वेगळं ‘स्वतःचं’ शोधायला लावणं ही शहरी पोरांची खोड आहे. यात थोडं तथ्य आहे. आईलाही आम्हाला खाऊ घालण्यात आनंद होता, आणि तो आनंद खोटा म्हणायचा मला अधिकार नाही. पण समाधान होतं की नाही हे ठरवायला दुसरी वाट उघडी असावी लागते. आईसमोर ती उघडली तेव्हा तिनं स्वयंपाकघर सोडलं नाही, आम्हाला सोडलं नाही. दिवसातले दोन तास घेतले. दिवसाचा तिसरा हिस्साही नाही तो, बारावा आहे. त्यागाचं कौतुक करताना आपण हे तपासत नाही की समोरच्याकडे न त्यागण्याचा पर्याय होता का. तो नसेल तर आपण सद्गुणाचं नाही, सोयीचं कौतुक करत असतो.

आमचा दावा अजून चालू आहे. जी रक्कम मिळेल ती आम्ही घेऊ आणि ती घेताना मला संकोच वाटणार नाही. तिच्या कामाला किंमत होती, आणि ती कुणीतरी भरलीच पाहिजे. कांटनं १७८५ मध्ये किंमत आणि प्रतिष्ठा यांत फरक केला: ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचं दुसरं काही ठेवता येतं, प्रतिष्ठेचं तसं नसतं. कामाच्या जागी दुसरं कुणी ठेवता येतं. ४,००० रुपयांचा मुलगा गल्ल्यावर बसला, सकाळी आता पोळ्या करायला मावशी येतात. बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर टिपणं काढणारी जागा मात्र रिकामीच राहते, कारण तिथे ती आमच्यासाठी बसलेली नव्हती.

म्हणून गेलेल्या बाईबद्दल बोलताना दोन हिशेब ठेवावेत असं मला वाटतं. आपलं काय गेलं हा एक, आणि तिचं काय गेलं हा दुसरा. दुसरा हिशेब मेल्यावर मांडायचा तर ती जिवंत असतानाच त्यात काहीतरी जमा असावं लागतं. ज्यांच्या घरी ती आहे त्यांनी तिचा एक तृतीयांश कुठे आहे ते बघावं. कदाचित तो दुपारचे दोन तास एवढाच असेल. तो तिला मिळावा म्हणून कुणाला तरी महिना चार हजार मोजावे लागतील, किंवा स्वतः उठून गल्ल्यावर बसावं लागेल. ते करावं.