गळतं कुठं, दाबतं कुठं

जो माणूस मोडतो, त्याला दोष द्यावा का? शिकल्यासवरल्या लोकांनी या प्रश्नावर पुष्कळ लिहिलं असेल. माझं शिक्षण दहावी. मला त्याचं निम्मं उत्तर जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइलगळतीनं दिलं. उरलेलं निम्मं अजून सापडायचं आहे.

आमचा ट्रॅक्टर एचएमटी, पंचवीस हॉर्सपॉवरचा, दोन सिलिंडरचा. झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्यानं १९७१ पासून हे ट्रॅक्टर हरियाणात पिंजोरला तयार व्हायला लागले. तो कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला. कारखाना गेला, ट्रॅक्टर मात्र आमच्या रानात अजून पाळी घालतो.

एवढ्या वयाच्या इंजिनाला थोडी गळती असायचीच. पण एका हंगामात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली रोज वाटीभर ऑइल पडायला लागलं. क्रँकचं मागचं सील गेलं, असं निदान झालं. ते सील बदलायचं म्हणजे ट्रॅक्टर मधून फोडून दोन भाग करावे लागतात. दोन दिवस मोडले, मजुरी गेली, नवं सील बसलं. पुढच्या पेरणीला पुन्हा तीच वाटी.

मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीला आणलं. त्यानं सीलाला हातच लावला नाही. आधी डिझेलनं इंजिन धुऊन कोरडं केलं, वरून अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि तासभर इंजिन चालू ठेवलं. ऑइल वरून ओघळत असेल तर पावडरीवर ओल उमटते. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत असलं तरी ऑइल खाली उतरून मागच्या सीलाजवळच ठिबकतं आणि आळ सीलावर येतो. इथं पावडर कोरडीच राहिली. तेव्हा त्यानं ऑइल भरायचं झाकण उघडलं. आतून फुसफुस वाफारा आला. "याचा श्वास कोंडलाय," तो म्हणाला.

पिस्टनच्या बाजूनं थोडा धूर खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर जायला ब्रीदर असतो. आमच्या ब्रीदरची जाळी काजळी, भुसा आणि धुळीनं गच्च झाली होती. धुराला वाट मिळेना, म्हणून आत दाब वाढला आणि जिथं रबर नरम, तिथून ऑइल बाहेर ढकललं गेलं. जाळी रॉकेलमध्ये धुतली, गळती चार थेंबांवर आली.

मिस्त्रीनं आणखी एक गोष्ट सांगितली. गळती दिसली की माणसं पान्हा घेऊन बोल्ट आवळत सुटतात. पत्र्याचं कव्हर फार आवळलं की बोल्टाजवळ वाकतं आणि जास्तच गळतं.

२०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. भावकीतल्या एका पुतण्यानं टँकरचं पाणी विकत घेऊन बाग जगवायची धडपड केली. बाग गेली, कर्ज राहिलं. एका पहाटे तो कुणाला न सांगता पुण्याला निघून गेला. पारावर निकाल लागला, पोरगं कच्चं निघालं. त्याआधी वर्षभर जो भेटेल तो त्याला एकच सांगायचा, "घट्ट राहा." आवळायला सगळे होते. मन मोकळं करायला मात्र त्याला जागा नव्हती. बायकोसमोर रडला तर ती खचेल, बापासमोर बोलला तर बाप म्हणेल मी दोन दुष्काळ काढले.

मग सीलाचा दोष कधीच नसतो का? असतो. रबर वाळून काचेसारखं कडक होतं, तेव्हा बदलावंच लागतं. कधी ब्रीदर साफ असून धूर लोटतो, तेव्हा रिंगा झिजलेल्या असतात, दुखणं पोटात असतं. म्हणून तपास क्रमानं करावा लागतो. माणसाच्या बाबतीत आपण तपास ठेवतो बाजूला आणि निकाल आधी देतो, कारण गळतं ते ठिकाण दिसतं, दाब दिसत नाही.

इथवर माझी खात्री आहे. पुढं अडतं. पुतण्याचा जामीनदार हा दोन एकरांचा शेतकरी. त्याच्या बागेचंही तेच झालं होतं, आणि पुतण्याचे हप्ते त्याच्या गळ्यात आले. पुतण्यावर दाब होता हे मी त्याला समजावून सांगू शकतो. तो विचारतो, "आणि माझ्यावर?" कारण कळलं म्हणून सांडलेलं ऑइल परत भरत नाही, ते कुणाला तरी विकत आणावं लागतं. पुतण्याला मी भित्रा म्हणणार नाही. पण जामीनदाराचे पैसे त्यानंच फेडायचे, हेही मी सोडणार नाही. दोष नाही आणि देणं मात्र आहे, या दोन गोष्टी एका माणसाच्या पदरात एकदम कशा बसतात, ते मला नीट सांगता येत नाही. बसतात मात्र खऱ्या. त्यानं पहिले पाच हजार पाठवले, तेव्हा जामीनदारानं ते मोजून घेतले आणि विचारलं, "पोरगं तिकडं जेवतं का वेळेवर?"