मजुरीच्या मापातील तूट



मराठवाड्यात, विदर्भात खुरपणीचे दिवस आले की एकाच शिवारात दोन रोज ठरतात. पुरुषाचा वेगळा, बाईचा वेगळा, आणि बाईचा बहुधा कमी. विचारले तर उत्तर तयार असते, पुरुषाचे काम जड! नांगरट, फवारणी, पोती उचलणे ही कष्टाची कामे आहेत, यात वाद नाही. काम निराळे असेल तर दामही निराळा असू शकतो. परंतु दिवसभर कमरेत वाकून तण काढणे हलके, हे कोणी ठरविले? कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. तेथे काट्याला स्त्री-पुरुष कळत नाही. काटा बाजूला होऊन रोजावर हिशेब आला की भेद सुरू होतो.

समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा आपल्या देशात 1976 साली झाला. ईमानधारकाला मिळालेली ताकीद त्याहून फार जुनी आहे. स्वतः घेताना पुरेपूर मापून घेणारे आणि इतरांना देताना घट करणारे यांच्या विनाशाचा इशारा सूरह मुतफ्फिफीनच्या प्रारंभीच आहे. हा इशारा आपण किराणा दुकानदाराला लावून मोकळे होतो. पण काम पूर्ण दिवसाचे घ्यायचे आणि रोज उणा द्यायचा, हे माप कोणते?

शेतात राबणाऱ्या स्त्रीला कमी लेखण्याचीही आपल्याला सवय जडली आहे. हजरत असमा (रजि.) पतीच्या जमिनीवरून खजुराच्या बिया डोक्यावर वाहून आणीत. हजरत जाबिर (रजि.) यांच्या मावशी तलाकनंतरच्या इद्दतीत स्वतःच्या खजुरांची तोडणी करण्यास निघाल्या, तेव्हा एका माणसाने त्यांना दटावले. त्या थेट प्रेषितांकडे (स.) गेल्या. प्रेषितांनी (स.) तोडणीस अनुमती दिली आणि त्यातून त्या कदाचित दान अथवा एखादे सत्कर्म करतील, असेही सांगितले. उत्पन्न त्यांचे, तसा दानाचा निर्णयही त्यांचाच!

सूरह निसाच्या 32 व्या आयतीतही हेच तत्त्व आहे. पुरुषांना त्यांच्या कमाईचा वाटा, स्त्रियांना त्यांच्या कमाईचा. आपल्याकडे मात्र बाजाराच्या दिवशी बाईची आठवड्याची मजुरी अनेकदा नवऱ्याच्या हाती पडते. पत्नीचा निर्वाह ही पतीची जबाबदारी आहे. तिच्या मजुरीमुळे ती टळत नाही. ती घरासाठी खर्च करीत असेल तर तो तिचा सदका होय, पतीचा हक्क नव्हे. (घरच्या शेतात राबणारीला तर रोजही नाही, आणि सातबाऱ्यावर नावही क्वचितच.)

जमिनीविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. 1937 च्या शरीअत कायद्याच्या कलम 2 मधून शेतजमीन वगळलेली आहे. कुरआनने मात्र स्त्रीचा वारसाहक्क सांगताना, मालमत्ता थोडी असो वा अधिक, काहीही वगळलेले नाही. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणाऱ्या भावाने कोणत्या लेखणीचा आधार घेतला, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण जाणतोच. ज्यांच्या शेतात बायका कामाला येतात, त्यांनी येत्या बाजारी सारख्या कामाचा सारखा रोज द्यावा, आणि तो तिच्याच हाती द्यावा.